पडलेल्या विमानांची मॉडेल्स घरात ठेवता का? (एअर-इंडिया, 1:400)

ठाणेकर_चारशे

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

डायकास्ट (ओतीव धातूची) प्रवासी विमानांची मॉडेल्स जमवायला लागून मला पंधरा-सोळा वर्षं झाली. सुरुवात फ्रँकफर्टच्या विमानतळावर झाली. बँकेच्या कामाने गेलो होतो, परतीचं विमान लांबलं, वेळ काढायला एका दुकानात शिरलो आणि हेर्पा कंपनीचं 1:500 मधलं (खऱ्याच्या पाचशेव्या भागाएवढं) जंबो, म्हणजे बोइंग 747, हातात घेतलं. वीतभरही लांब नाही, पण प्लॅस्टिकचं खेळणं समजून उचलायला जावं तर हात खाली जातो. तिथेच घात झाला.

पुढे 1:400 वर आलो आणि तिथेच राहिलो. 1:200 चं 747 हे 35 सेंटिमीटर लांब होतं, आणि आमच्या घरात 35 सेंटिमीटरचा हिशोब द्यावा लागतो. 1:400 मध्ये तेच साडेसतराच्या आसपास बसतं. मग एक नियम घालून घेतला: फक्त एअर-इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स, तीही 1990 च्या आधीची. नियम नसता तर आज मी रस्त्यावर असतो. आता 23 आहेत. सुपर कॉन्स्टेलेशन, 707, खिडक्यांभोवती झरोके रंगवलेलं 747, नारंगी शेपटीचं ए-300, कॅरावेल, वगैरे. सुताराकडून सरकत्या काचांची शोकेस करून घेतली आहे. ती देवघराच्या बरोबर समोरच्या भिंतीला आहे, कारण दुसरी भिंतच नाही.

आता अडचण. माझ्या 747 वर नाव आहे 'एम्परर अशोक', नोंदणी व्हीटी-ईबीडी. हे एअर-इंडियाचं पहिलं जंबो, 1971 सालचं. 1 जानेवारी 1978 च्या रात्री दुबईला जायला उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समोर समुद्रात पडलं. 213 माणसं होती, एकही वाचलं नाही. आणि माझं 707 आहे 'कांचनजंगा', व्हीटी-डीएमएन. 24 जानेवारी 1966, आल्प्समधला माँ ब्लाँ डोंगर, 117 माणसं, त्यांत डॉ. होमी भाभा.

आई 81 वर्षांची आहे. परवा शोकेस पुसता पुसता म्हणाली, "ती दोन काढ तिथून. पडलेली विमानं देवासमोर कशाला?" मी म्हटलं, ही मॉडेल्स आहेत. म्हणाली, "फोटोही फोटोच असतो, तरी आपण हार घालतो ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यात माझा गुन्हा दुहेरी आहे. अशोक तसाच विकत मिळाला. पण 707 मिळालं ते दुसऱ्याच नोंदणीचं. वॉटरस्लाइड डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची पट्टी) छापून घेऊन, चिमट्याने, भिंग लावून, नाकावर 'कांचनजंगा' मी स्वतः चिकटवलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बाबा ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात होते, म्हणून असेल.

तर प्रश्न असे. तुम्ही अपघातात गेलेल्या विमानांची मॉडेल्स ठेवता का? ठेवत असाल तर घरच्यांना काय सांगता? नाव आणि नंबर खरवडून दुसरा लावावा का? आणि जाता जाता, 707 च्या डाव्या पंखावर रंगाखाली बारीक फोड आलेत. पावसाळ्यानंतर दिसायला लागले. काय करू?


फक्त_वाचक

लोक टायटॅनिकचं मॉडेल दिवाणखान्यात ठेवतात, त्यावर फुलदाणीसुद्धा ठेवतात. ठेवा हो.


जिनिव्हाकर

ठाणेकर, मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं इकडे आहे. विमानांतलं मला काही कळत नाही, पण तुमच्या 707 चा शेवट जिथे झाला तो डोंगर आमच्या घरापासून गाडीने तास-सव्वातासावर आहे. कुणी पाहुणे भारतातून आले की शामोनीला न्यावंच लागतं. केबल कारची रांग, महाग चहा, आणि मग सगळे बोसाँ हिमनदीकडे बघतात.

त्या हिमनदीबद्दल इथे सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. ती हळूहळू खाली सरकते आणि वर पडलेलं सगळं कित्येक दशकांनी पायथ्याशी आणून सोडते. 2012 साली तिच्यातून भारतीय टपालाची एक थैली निघाली. त्यात वर्तमानपत्रं आणि सरकारी कागद होते. पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची डबी मिळाली, ती त्याने पोलिसांत नेऊन दिली. 2020 मध्ये तिथल्या एका छोट्या उपाहारगृहाच्या मालकाला बर्फात 1966 ची भारतीय वर्तमानपत्रं सापडली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार या बातमीची. त्याने ती वाळत घातली होती. कागद वाचता येत होता.

आणि एक. त्याच डोंगरावर त्याआधी 3 नोव्हेंबर 1950 ला एअर-इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन आदळलं होतं. 48 माणसं. प्रवाशांत बहुतेक सगळे खलाशी, बोटीवर रुजू व्हायला निघालेले. भाभांमुळे 1966 चं सगळ्यांना आठवतं, या खलाशांचं फारसं कुणाला नाही. कधी कॉन्स्टेलेशनवर नाव चिकटवायची वेळ आली तर हेही लक्षात असू द्या.

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. त्यांचं हाराचं म्हणणं मला पटलं.


चिपळूणची_हवा

दादा, आधी फोडांचं, कारण ते थांबणार नाहीत.

आपली ही मॉडेल्स जस्ताच्या मिश्रधातूची असतात. झामाक म्हणतात त्याला. जस्त, अल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं. ओतायला सोपं, बारीक तपशील छान उतरतो, म्हणून सगळे तेच वापरतात. पण ओतताना त्यात शिशाचा अंश राहून गेला तर तो धातूला कणाकणांच्या सांध्यांतून आतल्या आत फोडत जातो. दमट हवेत वेग वाढतो. दुसऱ्या महायुद्धाआधीची डिंकी कंपनीची खेळण्यातली विमानं याच रोगाने गेली. आधी पंख वाकतात, मग भेगा, मग अक्षरशः चुरा. उपाय नाही. आता जस्त फार शुद्ध वापरतात, त्यामुळे नव्या मॉडेलमध्ये हे क्वचितच होतं, पण होतं.

तुमचं तेच आहे की नुसता रंग सुटलाय, हे असं बघा: फोडावर नख हलकेच दाबा. मऊ लागला आणि आत पोकळ वाटलं तर बहुतेक रंगाचाच दोष. तो दिसायला वाईट, पण विमान टिकेल. टणक उंचवटा असेल, कडेला केसासारखी भेग असेल, किंवा पंख जुन्या फोटोपेक्षा वाकलेला दिसला, तर ते आतून आहे. मग विमान घालवायचं की ठेवायचं हा आईंचा प्रश्नच उरत नाही.

माझ्याकडे चिपळूणला जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम फुटतो. मी काय करते ते सांगते. काचेच्या कपाटात दर खणाला सिलिका जेलची पिशवी, रंग बदलणारी, म्हणजे कधी भाजून घ्यायची ते कळतं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं नाही, चार बोटं पुढे. खोक्यात ठेवायचं असेल तर आतला स्पंज काढून टाकायचा. तो काही वर्षांनी चिकट होऊन विरघळतो आणि पांढऱ्या रंगावर पिवळा डाग सोडतो. माझं एक व्हायकाउंट त्यात गेलं. दिव्याऐवजी उन्हाची जागा निवडलीत तर पांढरा रंग तसाही पिवळा पडणार.

तुमच्या मूळ प्रश्नाचं म्हणाल तर नंबर खरवडू नका. खाली रंग जातो, आणि बाहेरून दुसरं मागवणं आता परवडत नाही. सीमाशुल्काच्या 9503 या मथळ्यात खेळणी आणि स्केल मॉडेल्स एकत्रच आहेत, त्यामुळे "हे खेळणं नाही, मॉडेल आहे" हे कुरिअरवाल्याला कितीही सांगितलं तरी पैसे तेवढेच. 2020 मध्ये शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर नेलं, 2023 मध्ये 70 वर. माझं एक पार्सल त्या सुमारास आलं. विमानाच्या किमतीपेक्षा पावती जाड होती.


निवृत्त_हँगर

धागा वाचतोय दोन दिवस. लिहू की नको असं चाललं होतं.

मी सांताक्रूझला 1973 ला शिकाऊ म्हणून चिकटलो आणि पुढची 36 वर्षं हँगरमध्येच काढली. 'एम्परर अशोक' वगैरे नावं प्रवाशांसाठी आणि पोस्टरसाठी. आम्ही कुणी ती घेत नसू. आम्ही म्हणायचो ईबीडी. "ईबीडी आलं का", "ईबीडीचं चाक बदलायचंय", असं. त्यामुळे तुम्ही फोटो टाकलात तेव्हा मला पडलेलं विमान दिसलं नाही. मला पहाटे चारला दवाने ओला झालेला पंख दिसला, आणि हातात टॉर्च धरून उभा असलेला मी. त्या पंखाखाली मी पावसात उभा राहून डबा खाल्लाय. छत्री लागत नसे.

1 जानेवारीला मी ड्यूटीवर नव्हतो. त्याबद्दल एवढंच.

विमान कशाने गेलं हे सगळं छापून आलेलं आहे. कॅप्टनच्या समोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण बिघडलं, बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, क्षितिजच नाही. विमानाने कुणावर सूड घेतला नाही. अपशकुनाचं म्हणाल तर आमच्याकडे एका विमानातला सुटा भाग काढून दुसऱ्यात बसवणं रोजचं. त्याची कुणी कुंडली बघत नसे. टॅग बघत, सही बघत, सही नसेल तर परत पाठवत.

आता मॉडेलवर येतो, कारण मला खरं तर त्याबद्दल बोलायचंय.

747 उलटं करा आणि चाकं मोजा. 18 पाहिजेत. पुढे दोन, पंखांखाली चार-चारच्या दोन गाड्या, पोटाखाली आणखी दोन. स्वस्त साच्यात पोटाखालच्या गाड्या पंखांच्या बरोबर रेषेत आणून बसवतात. खऱ्या विमानात त्या मागे असतात. मग झरोके. खऱ्या जंबोत दोन खिडक्यांच्या मध्यांत 20 इंच अंतर. 1:400 ला ते होतं सव्वा मिलिमीटर. तेवढ्या जागेत प्रत्येक खिडकीभोवती लाल महिरप छापायची, ती पण शेपटीपर्यंत न सरकता. दारांजवळ बघा, तिथे चूक पकडली जाते. तुमच्या फोटोत डावीकडची ओळ मागच्या दारापाशी किंचित वर चढलीय. अगदी किंचित. पण आहे.

आणि तुमचं 707. ते मी मोठं करून बघितलं. एअर-इंडियाची पहिली 707 ही 437 जातीची, रोल्स-रॉइसच्या कॉन्वे इंजिनांची. अमेरिकन प्रॅट अँड व्हिटनीवाल्या 707 ची इंजिनं पुढे जाडजूड आणि मागे बारीक दिसतात, पुढे पंख्याचं वेगळं कडं असल्यासारखी. कॉन्वे सरळ, सडपातळ. शिवाय या जातीला शेपटीखाली पोटाला एक छोटा फिन (उभा पंख) होता, ब्रिटिश परवाना अधिकाऱ्यांच्या आग्रहामुळे आलेला. उत्पादक पैसे वाचवायला एकच साचा सगळ्या कंपन्यांच्या रंगात रंगवून विकतात, आणि मग कॉन्वेच्या जागी भलतंच लटकतं. तुमच्या विमानाला इंजिनं बरोबर आहेत, फिनही आहे. म्हणजे ज्याने साचा केला त्याने घरचा अभ्यास केलाय. ते विकू नका. नंबर कुठलाही लावा.

दुसऱ्या नावाचं जंबोच हवं असेल तर 747-300 ची दोन होती, 1988 ची, अर्धी माणसं अर्धा माल. वरचा मजला लांब, मागे डाव्या बाजूला मालाचं मोठं दार. त्यातल्या एकाचं नाव 'शिवाजी', व्हीटी-ईपीडब्ल्यू. तुमच्या 1990 च्या नियमातही बसतं. ते देवासमोर ठेवायला कुणाची हरकत नसावी.

एक विचारतो. आईंना नेमकं कुठलं खटकतं, ते विचारलंत का? दोन्ही की एक?


ठाणेकर_चारशे

सगळ्यांचे आभार. फोडांवर नख दाबून पाहिलं, मऊ आहेत. हुश्श. सिलिका जेल आणलंय. हँगर साहेब, झरोक्यांची ओळ मागच्या दारापाशी वर चढलीय हे मला आठ वर्षांत दिसलं नव्हतं. आता त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही, त्याबद्दल तुमचे आभार मानू की काय करू कळत नाही.

आईला विचारलं. तुमचा प्रश्न बरोबर होता, मीच दोन्ही विमानं एका गाठोड्यात बांधली होती.

अशोकचं तिला काही नाही. म्हणाली, ते मोठं छान आहे, राजवाड्यासारखं, राहू दे. तिचा रोख सगळा कांचनजंगावर. आणि त्यात अपशकुन वगैरे काही नाही, ते ती मला पटकन कळावं म्हणून म्हणाली होती. (माझ्याबद्दल तिचं एकूण मत काय आहे ते यावरून कळतं.)

त्या वेळी ती आणि बाबा चेंबूरला एका खोलीत राहत होते. माझा जन्म त्यानंतरचा. बाबा ट्रॉम्बेच्या केंद्रात कनिष्ठ सहायक होते. केंद्राला तेव्हा भाभांचं नाव नव्हतं, ते पुढच्या वर्षी जानेवारीत दिलं. ती सांगते, त्या दिवशी शेजारच्यांच्या रेडिओवर सकाळपासून इंदिराबाईंच्या शपथविधीचंच चालू होतं. 24 जानेवारी 1966, मी तपासलं, शपथविधी त्याच दिवशी होता. संध्याकाळी दुसरी बातमी आली. बाबा रात्री बऱ्याच उशिरा चालत आले, बस सोडून. कुणाशी बोलले नाहीत. भाभांशी त्यांचं आयुष्यात एकदाच बोलणं झालं होतं, तेही बागेतल्या एका झाडावरून: ते तोडायचं नाही, इमारत बाजूला सरकवा, असं काहीतरी. बाबा ही गोष्ट दर पाहुण्याला सांगत, ती मलाही पाठ आहे. पण त्या रात्रीचं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तेव्हा डबा तसाच भरलेला होता. आईने तो घासायला घेतला तेव्हा भाजी विटलेली होती. तिला आठवतंय कुठली ते. वांग्याची.

जिनिव्हाकर, हिमनदीतून निघालेल्या वर्तमानपत्रांचं तिला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "त्याने ती वाळत कशावर घातली?" मला माहीत नव्हतं. तुम्हाला कळलं तर सांगा, ती रोज विचारते.

तर तिचं म्हणणं एवढंच: विमान ठेव. पण मी रोज सकाळी निरांजन लावून मागे वळले की समोर ते नाव दिसतं, ते तेवढं नको. त्याचं तोंड फिरव.


निवृत्त_हँगर

मग फिरवा की. नाव डाव्या नाकावरच लावलंय ना? 707 उजवीकडून जास्त चांगलं दिसतं असं माझं मत आहे. डावीकडे प्रवाशांची दारं, शिडी, सगळी गर्दी. उजवी बाजू आमची, माल आणि खाणं चढवायची. आणि फोड डाव्या पंखावर आहेत, तेही झाकले जातील.

'शिवाजी'चं काय ठरलं?


ठाणेकर_चारशे

'शिवाजी' शोधतोय. कुणाकडे 1:400 मध्ये असेल तर निरोप करा. आईला विचारून झालंय. तिची अट अशी की ते आलं तर वरच्या खणात, आणि त्यावर धूळ दिसली तर ती मला ऐकवणार, स्वतः पुसणार नाही.

कांचनजंगा काल रात्री फिरवलं. आता नाक स्वयंपाकघराकडे, उजवी बाजू समोर. सकाळी आईने निरांजन ठेवलं, वळली, चष्मा वर करून शोकेसपाशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला.

म्हणाली, "या बाजूला नाव घातलंच नाहीस होय रे? अर्धंच काम केलंस?"

डिकॅलची दुसरी पट्टी माझ्याकडे शिल्लक आहे. उजव्या बाजूची पहिली चिमट्यात फाटली होती. आता लावू की नको?